गंजीत हात

रात्री पावणेदोनला डीपी उडाली
आणि राळेगाव रोडवरची जिनिंग
एकदम बहिरी झाली.
चोवीस रेचे थांबले की कानात जे उरतं
ते आपलंच रक्त असतं.

काट्याची खिडकी मी ओढून घेतली,
कोपऱ्यातली दुर्बीण खांद्यावर टाकली.
निवृत्त होताना मडावी सरांनी दिलेली,
एक पाय मोडका,
गाठीच्या तारेनं आवळलेला.

यार्डात अंधार असा
की ओळीनं उभ्या ट्रॉल्या
बसलेल्या म्हशी वाटाव्यात.
शेडमध्ये तूस अजून तरंगत असणार,
खाली यायची त्याला घाई नसते.
वर मृग, पश्चिमेला थोडं कललेलं.

लेतूदादा किनाके बॅटरी न लावता आला.
पायाला वाट पाठ आहे.
चौकीदारी धरली तेव्हापासून बिडी सुटली;
दर तासाला तो प्रत्येक गंजीत
कोपरापर्यंत हात घालतो, डोळे मिटून.
रेच्यात खडा येतो, ठिणगी उडते,
रुई ती गिळते
आणि चार दिवस कुणाला सांगत नाही.
बाहेरून पांढरी, थंड, दवानं ओली.
आत काहीतरी दम धरून.
"डोये फसते बाई. तयहात नाई फसत."

मग मान वर करून म्हणाला,
"थे पाय, तिफन."
तीन तारे, तीन फण.
"अन् खाली थे सांडेल बी."

त्या सांडलेल्या बियांवरच मी नळी लावली.
तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.
फिकट, राखाडी, जराशी हिरवट,
पिंजलेल्या रुईत कुणी दिवा ठेवावा तशी
ती तिथं होती,
आणि मधोमध अगदी जवळजवळ
चार बारीक टोचे.

"तुह्या फोनात तं लाल होती. लाल कुठी हाये?"

मी सांगितलं जमेल तसं:
लाल आहे, पण एवढ्याशा उजेडात
आपल्या डोळ्याला रंग लागत नाही.
ते चार नवे तारे आहेत, फार तापलेले,
त्यांच्या तापानं भोवतीचा वायू पेटल्यासारखा दिसतो,
पेटत मात्र नाही.
हा उजेड निघाला त्याला तेराशे वर्षं झाली.
आणि दिसतंय ती नुसती वरची साल.
मागं काळी धूळ आहे, गच्च,
तिच्यात आणखी तारे धरतायत.
त्यांचा उजेड बाहेर येत नाही.
फक्त ऊब येते.
ती ऊब ओळखणाऱ्या दुर्बिणी वर सोडल्यात,
पार आभाळात.

त्यानं डोळा काढला.
"म्हंजे," तो म्हणाला, "हात घालते."

पुढं मला काही सांगता आलं नाही.

तीन नंबरच्या गंजीपाशी त्यानं माझं मनगट धरलं.
"घाल."
वरचा थर गार.
मग गार. मग काहीच नाही,
मग कोपराशी, खरंच,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या गोधडीइतकं कोमट.
मी हात ओढणार होते.
"नाई, आग नोहे. ओला माल होता, तापते थोडा.
काल जास्त होता. आता इझून रायला."

तर सगळ्याच ढगांचं काही होतं असं नाही.
काही नुसतेच तापतात
आणि निवतात,
कुणाला न कळता.

मी तशीच उभी,
एक हात कापसात, मान वर.
तिफणीखाली ते बी डोळ्यांना
पुसट डागाएवढंच.
दादा काही म्हणाला नाही.
दूर कुठंतरी टिटवी ओरडली, दोनदा.

तीन वाजून दहाला लाइन आली.
हॅलोजननं आभाळ पुसून टाकलं,
रेचे खाकरले, सुरू झाले,
आणि वडकीच्या ट्रॉलीवाला
झोपेतून उठून काट्यावर ओरडायला लागला.

बाहीला चिकटलेला कापूस घेऊन मी बसले.
त्यात एक सरकी होती, बोटाला लागली.
गाडी नंबर लिहिला. वजन. ओल, अकरा टक्के.
शेऱ्याचा रकाना एरवी मी मोकळा सोडते.
आज लिहिलं:
गंजी तीन. आत कोमट.
हातानं पाहिलं.